धुळ्याचे रविवार

परवा सकाळी गाडी पुसायला अंगणात गेले तर काचेवर दव साचलं होतं. बोटानं रेघ ओढली, ती तशीच राहिली. म्हणजे थंडी आली. आमच्या खान्देशात थंडी सांगून येत नाही. आदल्या दुपारी पंखा लागतो आणि दुसऱ्या दिवशी माणसं कानाला मफलर गुंडाळून चहाच्या गाडीभोवती उभी असतात. बाजारात भरिताची हिरवी वांगी येतात, मेहरूणची बोरं येतात, आणि गावाबाहेर कुठंतरी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा खमंग धूर रेंगाळतो. या धुरानं लोकांना भूक लागते. मी मात्र खिडकी लावून घेते. गेल्या वर्षीची सगळी थंडी मी एकाच काळजीत काढली, आणि ती काळजी या वासाला चिकटून बसली आहे.

त्या थंडीत दर रविवारी मी जळगावहून धुळ्याला गाडी चालवत जायचे. त्याआधी माझं गाडी चालवणं म्हणजे घर ते शाळा, शाळा ते भाजीबाजार. हायवे मी शेजारच्या सीटवरूनच पाहिलेला. आणि आता पाळधी, एरंडोल, पारोळा करत, केळीच्या ट्रकांच्या आणि कापसानं फुगलेल्या टेंपोंच्या मधून मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून चाललेली. टेंपोतला कापूस उडून काचेवर चिकटायचा. शेजारी माझे पती बसलेले, आणि मागे डिकीत त्यांची गोल्फच्या काठ्यांची पिशवी.

माझे पती वकील. सगळं जळगाव त्यांना वकीलसाहेब म्हणतं. मीही थट्टेनं म्हणता म्हणता तेच म्हणायला लागले. त्यांना गोल्फचा नाद कसा लागला हे मला कधी नीट कळलं नाही. रावेरकडच्या केळीच्या बागायतीत वाढलेला माणूस. पण लग्नानंतर काही वर्षांतच गावाबाहेरच्या टेकड्यांखाली एक लहानसा क्लब आहे, तिथं ते जायला लागले आणि रमले. गोल्फचं मैदान म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जी हिरवळ येते ती आमच्याकडे पावसाळ्यापुरती. संक्रांतीपर्यंत गवत पिवळं पडतं आणि होळीनंतर नुसती माती. तरी त्या मातीत, बाभळींच्या मधून, हे लोक चेंडू मारत हिंडायचे आणि परत येऊन तासभर त्याबद्दलच बोलायचे.

या क्लबच्या कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत संलग्न क्लबांची नावं छापलेली आहेत. संलग्न म्हणजे असं, की आपण त्या गावी गेलो तर तिथल्या क्लबात पाहुणा म्हणून आपल्याला प्रवेश. खेळा, जेवा, खोली रिकामी असेल तर मुक्काम करा. तिथलं सभासदत्व वेगळं घ्यायला नको. इतक्या वर्षांत आम्ही या सवलतीचा उपयोग काय केला? पुण्याला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा तिथल्या क्लबात एकदा जेवलो. तेही पनीर. मी चिडवायची, "दरवर्षी वर्गणी भरता, ती नावं काय पाठ करायला आहेत?" ते म्हणायचे, "निवृत्त झालो की फिरू. उटीला जाऊ, महाबळेश्वरला जाऊ." निवृत्त होणं काही जमत नव्हतं. वकील कधी निवृत्त होतो?

गेल्या वर्षी श्रावणात कोर्टातच त्यांना दरदरून घाम फुटला. तिथून दवाखाना, तिथून नाशिक, आणि नाशिकला बायपास. त्या दिवसांबद्दल मी इथं लिहिणार नाही. ज्यांनी ते दिवस काढले आहेत त्यांना ते माहीत आहेत, आणि ज्यांनी काढले नाहीत त्यांनी ते न वाचलेलेच बरे.

दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, "आता बाहेर पडा. चाला. गोल्फ खेळत होतात ना? हळूहळू सुरू करा." मला इतका आनंद झाला की मी स्वतः त्यांची पिशवी पुसून ठेवली.

पहिल्या दिवशी मी बरोबर गेले. आम्ही क्लबच्या व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि सगळे उठून उभे राहिले. कुणी खुर्ची पुढे केली. कुणी कोमट पाणी आणवलं. एकजण म्हणाले, "वकीलसाहेब, सकाळी उपाशीपोटी लसूण खा." दुसऱ्यांनी त्यांच्या साडूचं काय झालं ते सांगितलं, शेवटपर्यंत. खेळायला निघाले तर चौघं मागे, जणू लहान मूल पहिल्यांदा सायकल चालवतंय. त्यांनी एक फटका मारला. चेंडू थोडाच गेला, वाकडा गेला. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. टाळ्या वाजवणारी माणसं चांगली होती, त्यांच्या जिवाभावाची होती. पण माझ्या नवऱ्याचा चेहरा त्या टाळ्यांनी उतरत गेला. घरी आल्यावर त्यांनी पिशवी जिन्याखाली लोटून दिली आणि म्हणाले, "झालं आपलं गोल्फ."

मग ते घरात बसायला लागले. टीव्ही लावायचे पण बघायचे नाहीत. कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जायचे. मला सांगायचे, झोपलोय म्हणून सांग. मी भाजी चिरताना स्वयंपाकघरातून वाकून बघायची, छाती वर-खाली होते ना. बाथरूममधून पाण्याचा आवाज थांबला की दारापाशी जाऊन उभी राहायची. पुण्याहून मुलाचा फोन यायचा, "आई, बाबा चालतात ना?" आणि मी म्हणायची, "चालतात रे," कारण खरं सांगितलं असतं तर तो नोकरी सोडून आला असता.

काळजीचं एक आहे. ती करणाऱ्याला वाटतं आपण काहीतरी करतोय. मी दिवसभर काळजी करून थकून जायची, आणि ते तिथंच, त्याच खुर्चीत.

एक दिवस दुपारी मला त्या संलग्न क्लबांची आठवण झाली. उटी नाही, महाबळेश्वर नाही; धुळं. धुळ्याला लळिंगच्या डोंगराच्या बाजूला एक क्लब आहे, आणि तो आमच्याशी संलग्न आहे. मी आमच्या क्लबच्या सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "जा ना वहिनी, मी आजच कळवतो त्यांना. फक्त जायच्या आदल्या दिवशी एक फोन करत जा आणि कार्ड बरोबर ठेवा. तिकडून आपल्याकडे फारसं कुणी येत नाही, आपलंही कुणी जात नाही. ते खूशच होतील."

संध्याकाळी मी विषय काढला. "धुळ्याला जाऊ या का रविवारी? खेळायला."

"इतक्या लांब? इथं काय मैदान नाही?"

"तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी नीट बघितलं. मग म्हणाले, "एका अटीवर. तिथं कुणाला सांगायचं नाही. ऑपरेशन, गोळ्या, काही नाही. मी जळगावचा पाहुणा, बस."

"नाही सांगणार," मी म्हटलं. तेव्हा मला वाटलं होतं की यात काय अवघड आहे.

धुळ्याच्या क्लबचा व्हरांडा आमच्यापेक्षा जुना आणि उंच. समोर मैदान, त्याच्या कडेनं निंबाची झाडं, आणि मधोमध एक नाला. नाल्यापलीकडे जमीन खोल उतरते, त्यामुळे तिथं गेलेला माणूस व्हरांड्यातून दिसत नाही. बराच वेळ दिसत नाही. हे मला पहिल्याच रविवारी कळलं, आणि मग त्या सगळ्या थंडीत माझं आयुष्य दोनच भागांत विभागलं गेलं: ते दिसतायत, आणि ते दिसत नाहीयेत.

तिथं त्यांना जोडीदार मिळाले ते नाना. नाना धुळ्याचे जुने कापसाचे व्यापारी, आता धंदा मुलांकडे. आवाज असा की नाल्यापलीकडून ऐकू यावा. गळ्यात टॉवेल, डोक्यावर कानटोपी. ते अहिराणीतच बोलायचे, कुणाशीही. ओळख करून दिली तशी वकीलसाहेबांचा हात हलवत म्हणाले, "जयगावना शेतस का? मंग हरावाले मजा येई!"

अहिराणीत ळ चा य होतो, जळगावचं जयगाव. माझ्या नवऱ्याला हे ऐकून हसू आलं. त्यांना हरवायला मजा येईल असं गेल्या चार महिन्यांत कुणीही म्हटलेलं नव्हतं.

ते दोघं मैदानात गेले आणि मी व्हरांड्यात बसले. शेजारच्या वेताच्या खुर्चीत नानांची मोठी बहीण बसलेली, तिला सगळे अक्का म्हणत. यजमान गेल्यापासून त्या भावाकडेच राहत आणि रविवारी त्याच्याबरोबर क्लबात येत. मैदानाकडे पाठ करून बसायच्या. म्हणायच्या, "त्या चेंडूमागे पयनारा मानसं माले देखवतस नही." आपल्याबरोबर डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा आणायच्या आणि क्लबचा चहा पिता पिता मला खायला लावायच्या. मी हातात तुकडा धरून नाल्याकडे बघत राहायची.

"काय वं, तुनं ध्यान कथं शे? चहा थंडा व्हयी गया तुना."

"काही नाही अक्का."

दोन-तीन रविवारांत वकीलसाहेब बदलायला लागले. शनिवारी संध्याकाळी बूट पुसायचे. वाटेत पारोळ्याच्या पुढे गेलं की बोलायला लागायचे: नानांचा फटका कसा उजवीकडे जातो, आज त्यांना कुठं गाठायचं. क्लबात त्यांना कुणी तब्येत विचारत नव्हतं. विचारत होते ते केळीला काय भाव आहे, जळगावला सोनं काय म्हणतंय, रस्ता कसा आहे. पाहुण्याला लोक त्याच्या गावाबद्दल विचारतात, शरीराबद्दल नाही. मला वाटलं, आपण औषध शोधून काढलं.

पण माझी काळजी त्यानं कमी झाली नाही, उलट वाढली. घरात ते खुर्चीत होते तेव्हा निदान डोळ्यांपुढे होते. इथं ते नाल्यापलीकडे गेले की मी पर्समधल्या जिभेखालच्या गोळीची पट्टी चाचपायची. तिथं काही झालं तर? नाना काय करतील? त्यांना तर माहीतच नाही. ते म्हणतील, चक्कर आली असेल, पाणी द्या. गोळी माझ्यापाशी, माणूस तिकडे, आणि मधे नाला. मैदानावर कावळे एकदम उडाले तरी मी उठून उभी राहायची. मग निंबाच्या झाडाखाली आधी नानांची कानटोपी दिसायची, आणि त्यामागे, थोडं अंतर ठेवून, पांढरी टोपी. मी खाली बसायची. चहा मागवायची. तोही थंड करायची.

जेवायच्या वेळी नाना शेवभाजी मागवायचे. धुळ्याची शेवभाजी, वर बोटभर लाल तर्री. वकीलसाहेब मिटक्या मारत खायचे आणि मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावायची. ते पाय बाजूला घ्यायचे.

पौषातल्या एका रविवारी जेवताना नाना म्हणाले, "वकीलसाहेब, हाई काय अर्धामुर्धा खेळ? पुढला रविवार दोन फेरा मारू. पिशवी आपली आपन उचलानी. जो हारी तो शेवभाजी खावाडी."

"मंजूर," वकीलसाहेब म्हणाले. कोर्टात म्हणतात तसं.

मी हातातला घास ताटात ठेवला. दोन फेऱ्या म्हणजे ऊन डोक्यावर येईपर्यंत चालणं, आणि ती जड पिशवी खांद्यावर, जिथं छातीचं हाड नुकतं जुळलेलं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. परतताना गाडीत मी म्हटलं, "पिशवी तरी उचलू नका." ते म्हणाले, "तू रस्त्याकडे बघ."

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, वजन उचलायचं नाही, बाकी त्यांना झेपेल तेवढं. झेपेल तेवढं! ज्या माणसानं कोर्टात घाम फुटलेला असताना तारीख मागितली नाही, त्याला झेपेल तेवढं कळणार होतं का?

रविवारी ते तयार होत होते तेव्हा मी ठरवून टाकलं होतं. पोचल्यावर ते दोघं बूट बांधायला गेले आणि मी अक्कांच्या शेजारी बसले. म्हटलं, "अक्का, एक सांगायचंय. यांची बायपास झालीय. श्रावणात." आणि पुढचं सगळं सांगून टाकलं, अटीसकट.

अक्कांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "नानाले सांगू?"

"सांगा. पण यांना कळायला नको."

"नानाना पोटमा काही रहास नही," अक्का उठत म्हणाल्या, "पन हाई राही."

मी वचन मोडलं याचा मला तेव्हा पश्चात्ताप वाटला नाही, आजही वाटत नाही. त्या नाल्यापलीकडे माझ्या नवऱ्याबरोबर एक तरी माणूस असा हवा होता ज्याला माहीत आहे.

पहिल्याच होलला नानांनी गुडघा धरला. "वकीलसाहेब, मना गुडघा दुखी राहिना. आज एकच फेरा. आनि ह्या पिशव्या उचलाले मानूस बलावू." मी ऐकत होते. मनातल्या मनात त्यांना नमस्कार करत होते. ते दोघं सावकाश गेले, सावकाश आले. नाना दर थोड्या वेळानं थांबत होते, टॉवेलनं तोंड पुसत होते, "जरा बसू" म्हणत होते. एकदा तर वकीलसाहेबांचा सोपा फटका चुकला आणि नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, परत मारा."

तिथंच ते फसले. साक्षीदार कुठं खोटं बोलतो हे ओळखण्यात ज्याची हयात गेली त्याच्यापुढे नाना किती टिकणार? जो माणूस चेंडूभर जागा सोडत नव्हता तो आज परत मारा म्हणतो?

गाडी धुळ्याबाहेर पडली. मुकटी गाव गेलं, पारोळ्याचा किल्ला डावीकडं मागे पडला. एरंडोलच्या अलीकडे ते म्हणाले, "तू सांगितलंस."

"हो."

समोरून कापसाचा टेंपो येत होता. मी रस्त्याकडे बघत राहिले.

"म्हणजे आता धुळंही गेलं," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता. मला गाडी बाजूला घ्यावीशी वाटली, पण हायवेवर बाजूला कशी घ्यायची ते मला अजून धड जमत नव्हतं. मी चालवत राहिले.

पुढच्या रविवारी ते उठलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पिशवी पुन्हा जिन्याखाली. टीव्ही लावलेला. मी पुन्हा स्वयंपाकघरातून वाकून बघायला लागले, छाती वर-खाली होते ना. मला वाटलं, मी एका भीतीपायी त्यांची एकुलती एक जागा बंद केली. आणि तरी, पुन्हा तो रविवार आला असता तर मी पुन्हा सांगितलं असतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. त्या घेऊन मी दिवसभर घरात फिरायची.

आता आमच्या ओळखीचे लोक मला विचारतात, अहो, तुम्ही त्या संलग्न क्लबांचा चांगला उपयोग करता म्हणे, आम्हालाही सांगा. कारण यंदा आम्ही नाशिकला खेळून आलो, संभाजीनगरला राहून आलो. मी त्यांना सांगते: लांबच्या क्लबापासून सुरुवात करू नका, जवळच्या गावापासून करा. लांब जायला मुहूर्त लागतो, जवळ जायला फक्त रविवार. सुट्टीच्या गर्दीत जाऊ नका. तिथल्या माणसांत बसा, आपला डबा उघडू नका, त्यांचं जेवा. आणि एक गोष्ट मी शेवटी सांगते, जी आम्हाला कुणालाच सुचली नव्हती. प्रत्येकजण कार्ड उलटून बघतो की आपल्याला कुठं कुठं जाता येईल. आपल्याकडे कोण येऊ शकेल, हे कुणी बघत नाही.

गेल्या माघातला एक रविवार होता. सकाळी आमच्या फाटकापाशी एक गाडी थांबली आणि रस्त्यावरूनच हाक आली, "वकीलसाहेब! शेतस का घरमा?"

मी दार उघडलं. नाना. गळ्यात टॉवेल, डोक्यावर कानटोपी. मागून अक्का उतरत होत्या, हातात डबा.

वकीलसाहेब बाहेरच्या खोलीत आले. अंगात घरचा सदरा. नाना म्हणाले, "तुमनी मेंबरशिप धुयाले चालस, मंग मनी जयगावले नही चालस का? मी पाहुना शे. चला, तुमनं मैदान दाखाडा."

"नाना, मी आता खेळत नाही."

"मी कथं म्हनस तुम्हीन खेया? मी खेयस. तुम्हीन मैदान दाखाडा. पाहुनाले एकटा धाडस का कोनी?"

आता यजमान म्हटल्यावर माणूस काय करणार? ते आत गेले, बूट घातले. जिन्याखालून पिशवी ओढल्याचा आवाज मी ऐकला. अक्का माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. कुणी कुणाला पाठवलं होतं ते मला कळलं.

आमच्या क्लबात पुन्हा तेच झालं असतं. एकजण खुर्ची घेऊन पुढे आलेच, "या वकीलसाहेब, बसा. दम लागला असेल." पण वकीलसाहेबांना बसायला सवडच नव्हती. नानांना सारखं काहीतरी हवं होतं. पानी कथं भेटस? हाई बाभूय मधमाच काबरं? पहिला होल कथं शे? यजमान पुढे आणि पाहुणा मागे, असे ते निघून गेले. खुर्चीवाले खुर्ची धरून उभे राहिले.

मी आणि अक्का व्हरांड्यात बसलो. आमचं मैदान सपाट, सगळं दिसतं. तरी माझे डोळे त्या पांढऱ्या टोपीवरून हलत नव्हते. ते वाकले की मी बघायची, सरळ होतात ना. थांबले की बघायची, का थांबले. पिशवी उचलायला एक माणूस घेतला होता, तेवढी एक चिंता कमी. नाना आज थांबत नव्हते, गुडघा धरत नव्हते. अक्का मैदानाकडे पाठ करून डबा उघडत होत्या.

शेवटचा होल व्हरांड्याच्या अगदी समोर आहे, कंपाउंडच्या भिंतीला लागून. तिथं जमिनीत पांढऱ्या खुंट्या ठोकल्या आहेत. चेंडू खुंट्यांच्या रेषेबाहेर गेला की बाद, आणि वर दंड. वकीलसाहेबांनी फटका मारला. चेंडू भिंतीच्या बाजूला गेला. दोघं चालत तिथं पोचले, वाकले, आणि एकदम नानांचा आवाज चढला.

"बॉल भाईर शे!"

"आत आहे नाना. खुंटीच्या रेषेत बघा."

"भाईर शे! मना डोया फुटेल नहीत अजून!"

"तुम्हाले दिसतं का नाही? रेषेला टेकलाय तो. रेषेला टेकला म्हणजे आत!"

तुम्हाले. रावेरचं बोलणं तोंडात आलं होतं. ते फक्त फार तापले की येतं. ते हात वर करून बोलत होते, पुढे होत होते, मागे होत होते. ऑपरेशननंतर असा आवाज मी ऐकला नव्हता. व्हरांड्यातली माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "अरे, त्यांना शांत करा कुणीतरी." मला त्यांच्या कपाळावरची शीर इथून दिसत होती, किंवा दिसतेय असं वाटत होतं. पर्स उचलून मी पायऱ्यांकडे धावले. अक्कांनी मनगट धरलं.

"बस," त्या म्हणाल्या. "भांडू दे त्यास्ले."

"अक्का, त्यांचं बीपी चढेल..."

"मना भाऊ खोटा हारना व्हता त्या दिनले. त्याले ते सहन व्हयनं नही, आनि तुना घरवालाले बी नही. भांडू दे."

मी बसले नाही. पण गेलेही नाही. पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिले. ते दोघं भांडत भांडतच व्हरांड्याकडे आले, एकमेकांचं वाक्य तोडत, नियम सांगत. वकीलसाहेब लाल झाले होते, घाम आला होता, श्वास मोठा होता. पण चालत होते, आणि नानांच्या एक पाऊल पुढे चालत होते. खुर्ची पुढे आली ती त्यांनी हातानं बाजूला सारली आणि थेट माझ्यापुढे उभे राहिले.

"तू इथंच होतीस. समोर. सांग यांना. चेंडू आत होता की बाहेर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नानाही. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला ठाऊक नाही. फटका मारल्यापासून मी एकदाही चेंडूकडे बघितलं नव्हतं.

"मला चेंडू दिसलाच नाही," मी म्हटलं. "मी तुमच्याकडे बघत होते."

मग नानांनी टाळी वाजवली. "वकीलसाहेब! तुमना साक्षीदार फुटी गया!"

आणि वकीलसाहेब हसायला लागले. आधी नुसतेच, मग खदखदून, मग वाकून. वाकता वाकता त्यांनी छातीवर हात दाबला. व्हरांड्यातला हशा थांबला. मी पायरी उतरले होते, माझा हात त्यांच्या दंडावर होता. त्यांनी मान वर केली, माझा चेहरा बघितला.

"हसतोय गं," ते म्हणाले, डोळ्यांतलं पाणी पुसत. "टाके ओढतात, बाकी काही नाही. नुसता हसतोय."

तरी मी दंड सोडला नाही. त्यांचं हसणं संपेपर्यंत तशीच धरून उभी राहिले.